खालच्या शेताची बाटली

रेमोंनं सकाळी दहालाच बाटल्या उघडल्या तेव्हा योलांद स्वयंपाकघरात लीकच्या, त्या जाड कांदापातीच्या, जुड्या धूत होती. भिंतीपलीकडून बूच निघाल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग तिसरा. सहावा ऐकल्यावर तिनं नळ बंद केला, हात एप्रनला पुसले आणि जेवणघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

टेबलावर सहा सुरया मांडल्या होत्या. त्यानं बोर्दो शहरातून गाडीत घालून आणलेल्या. मान करकोच्याची, पोट बदकाचं. रेमों एकेक बाटली तिरकी धरून ओतत होता आणि वाइन त्या रुंद पोटात पातळ होऊन पसरत होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावरचं पांघरूण काढून कुणी त्याला मार्चच्या वाऱ्यात चौकात नेऊन बसवावं, तसं योलांदला वाटलं.

"पापा जेवायला बसल्याशिवाय बूच काढत नसत," ती म्हणाली.

"पापा दाढीही रविवारच्या रविवारच करत," रेमों म्हणाला. "श्वास घेऊ दे बिचाऱ्यांना. तीन तास लागतात."

"वरच्या शातोच्या पंचाऐंशी सालच्या बाटलीला लागतील. या म्हाताऱ्या तेवढ्यात थंडगार पडतील."

"योलांद, मी चाळीस वर्षं हेच करतोय."

ती परत लीककडे वळली. चाळीस वर्षं तो हेच करत होता हे खरं होतं, आणि सगळी अडचण त्यातच होती. चाळीस वर्षं त्यानं तरण्या वाइनी चाखल्या, पिंपातून नुकत्या काढलेल्या, धटिंगण, चार तास हवा खाल्ल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या. म्हातारीशी कसं वागावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि घरात उरलेली एकुलती एक म्हातारी लीक धूत होती.

रेमों वाइनचा दलाल. बोर्दोजवळच्या मेदोक भागातल्या शातोवाल्यांची, म्हणजे बड्या द्राक्षमळ्यांच्या मालकांची, वाइन शहरातल्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचवायची, दोघांच्या मधे उभं राहायचं आणि आपल्या जिभेचा कौल द्यायचा, हा त्याचा धंदा. या धंद्यात कागद मागून होतात. आधी दलाल काय म्हणाला ते चालतं. योलांद त्याची थोरली बहीण. ती चौऱ्याहत्तरची, तो एकोणसत्तरचा. ती याच घरात राहिली, वरच्या शातोच्या वेली छाटत आणि बांधत तिनं आयुष्य काढलं. त्यांचा बाप फेर्नां त्याच शातोच्या पिंपघरात कामाला होता. नवीन वर्षाला मालक कामगारांना बाटल्या द्यायचा, बिनालेबलच्या, नागड्या. त्या बाप घरामागच्या थंड खोलीत वाळूत आडव्या रचायचा आणि त्यांच्या शेजारी स्वतःच्या रचायचा, कारण त्याची स्वतःची सव्वा एकर होती, खाली, नदीलगत.

या खालच्या शेतावरूनच सगळं पेटलं होतं. वर टेकडीवर गोट्यांची जमीन, पाणी धरत नाही, दिवसभर ऊन साठवते; सगळे मोठे शातो तिथं. खाली जिरोंद नदीच्या काठाला काळी चिकट माती, ओढे, बगळे, गाई. तिथली वाइन मोठ्या लोकांच्या लेखी वाइनच नव्हती. रेमोंनं तर त्यावर एक वाक्य बसवलं होतं, आणि चाळीस वर्षं मेजवान्यांतून ते वाढलं होतं: खालची वाइन दुसरा हिवाळा बघत नाही. लोक हसायचे. शातोवाले जास्त हसायचे. आपला बाप खालीच वाइन करायचा हे रेमों त्या वाक्याबरोबर वाढत नसे.

आता भाग मंदीत होता. वाइन कुणी पीत नव्हतं, आणि वेली उपटतील त्यांना पैसे देऊ म्हणून सरकारनं अर्ज मागवले होते. शेत भावाबहिणीच्या दोघांच्या नावावर, म्हणून अर्जावर दोघांची सही हवी. रेमों जानेवारीपासून मागं लागला होता. योलांद नाही म्हणत होती. शेवटी एका रविवारी तोच म्हणाला की खोलीत पापांच्या बाटल्या आहेत, शातोच्याही आहेत, शेजारी शेजारी उघडून बघू. चाळीस-पन्नास वर्षांनी आपली जमीन बाटलीत जिवंत असली तर ठेवू, मी पुन्हा विषय काढणार नाही. मेलेली निघाली तर तू सही करायची.

योलांदनं शब्द दिला, आणि जराही न घाबरता दिला. भाऊ कसा आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं. आईच्या आजारपणात तो तीनदा आला होता, तिन्ही वेळा घड्याळ बघत. पण त्याची जीभ वेगळी होती. पंचवीस वर्षांपूर्वी एका बड्या शातोवाल्याच्या तोंडावर त्यानं सांगितलं होतं की तुमचं यंदाचं पिंप नासलंय, मी हे कुणाच्या गळ्यात बांधणार नाही; त्या घरचं काम त्याला पुन्हा कधी मिळालं नाही. योलांदनं ती गोष्ट बेकरीत सांगितली होती, पोस्टात सांगितली होती, ऐकलेल्यांना पुन्हा सांगितली होती. भावाचं मन वाळलेलं असेल, पण जीभ खरी, असं ती धरून चालली होती. आणि माणसात एवढं एक खरं असलं तर बाकीचं सोसता येतं.

एक वाजता पाहुणे आले. रेमोंनं साक्षीला दोघांना बोलावलं होतं. एक मस्यू लाब्रूस, शहरातल्या जुन्या व्यापारी घराण्यातले, ऐंशीच्या पुढचे, लांब हाडं आणि त्याहून लांब नाक. दुसरे मेनार, दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, घरी नऊशे बाटल्या बाळगून असलेले आणि ते दर दहा मिनिटांनी सांगणारे. दोघांनी योलांदच्या हातात कोट दिले. मेनारनं विचारलं, वास कसला येतोय. ती म्हणाली, लांप्री शिजतेय. मार्चात नदीतून वर चढणारा तो सापासारखा मासा तिनं पहाटे धक्क्यावरून आणला होता आणि लीक घालून लाल वाइनमधे मंद आचेवर ठेवला होता. मेनार म्हणाले, त्या वासानं चाखण्यात अडथळा येईल, दार लावून घ्या. तिनं दार लावलं; स्वतः मात्र जेवणघराच्या बाजूला राहिली.

टेबलाशी चार खुर्च्या होत्या आणि पेले तीन. योलांदनं स्वयंपाकघरातला पाण्याचा जाड ग्लास आणला आणि चौथ्या खुर्चीवर बसली. रेमोंनं ग्लासाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. थुंकायला त्यानं भुसा भरलेली बादली खुर्च्यांच्या मधे ठेवली होती. तिचं योलांदला काही वाटलं नाही. पिंपघरात सगळेच थुंकतात. तीही थुंकली होती. दिवसाला तीस पिंपं चाखणारा गिळत बसला तर जेवायच्या आत आडवा होईल.

मग सुरू झालं. हे लोक वाइन पितात कुठं, तिची चौकशी करतात. पेला उजेडाकडे धरायचा, तिरका करायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, नाक बाहेर काढायचं, छताकडे बघायचं. छतावर योलांदला एक कोळ्याचं जाळं दिसलं, पण तिघांनाही ते दिसलं नसावं. ते त्याच्या पलीकडचं काही बघत होते. मग घोट, आणि घोटातून सुरसुर हवा ओढणं. मेनार घोट गालातून फिरवत तेव्हा पेशंटला गुळण्या करायला लावून स्वतः करून दाखवताहेत असं वाटे. मग बादली. मग शब्द.

पहिली वरच्या शातोची एकसष्टची. योलांदनं ग्लासात दोन घोट ओतून घेतली आणि तिला क्षणात कळलं. गेली होती. दहाच्या ठोक्याला असेल थोडी धुगधुगी, आता नव्हती. रंग चहाचा, वास ओल्या पुठ्ठ्याचा, चव पातळ आणि आंबट, मागं काही नाही. तिला वाईट वाटलं. ती बाटली बापानं स्वतः भरली होती, कडाक्याच्या थंडीत, बोटं फुटलेली असताना.

"काय हे," मस्यू लाब्रूस डोळे मिटून म्हणाले. "दमलेली आहे, पण दमण्यातही काय घराणं आहे."

"राजवाड्यातली संध्याकाळ," मेनार म्हणाले आणि खिशातल्या वहीत ते लिहून घेतलं.

रेमों म्हणाला की आवाज खाली गेलाय, पण गाणं तेच आहे. योलांदनं आपला ग्लास पुन्हा हुंगला. ना गाणं, ना संध्याकाळ. गोणपाट.

दुसरी बापाची सत्तरची. तीही गेली होती, अगदी त्याच वाटेनं. तोच चहा, तोच पुठ्ठा. दोघी शेजारी ठेवल्या आणि डोळे मिटून चाखल्या तर त्यांची आईसुद्धा कोण कुठली ते सांगू शकली नसती.

"मेलेली," मेनार म्हणाले. वही उघडली नाही.

मस्यू लाब्रूस जरा हळहळले. म्हणाले, साधी माणसं, साधी वाइन, तिनं आपलं काम केलं. ते असं म्हणाले जणू एखादं गाढव ओझं वाहून पडलंय. रेमोंनं नुसतं बादलीत थुंकून ओठ टिपले आणि योलांदकडे बघितलं, बघ, मी काही म्हणत नाहीये, अशा नजरेनं.

योलांद खुर्चीत मागं टेकली. तिला राग यायला हवा होता, पण आलं ते वेगळंच. दोन प्रेतं एकाच टेबलावर, एकाच हातानं, एकाच सकाळी मारलेली. एकाला बँडबाजा आणि दुसऱ्याला खांदाही नाही. लहानपणी ती या असल्या लोकांना भ्यायची. शातोच्या अंगणात मोटारी थांबायच्या, ही लांब नाकं उतरायची, बाप टोपी काढून भिंतीला लागून उभा राहायचा, आणि तिला वाटायचं यांना काहीतरी दिसतं जे आपल्याला दिसत नाही. सत्तर वर्षं ती त्यांना एवढं देत आली होती. आता जवळून, एका हाताच्या अंतरावरून, तिला दिसलं की यांना काही म्हणजे काही दिसत नाही. हे बाटलीवरचं नाव चाखतात. नागड्या बाटलीचं नाव रेमोंनं खडूनं सुरईखाली लिहिलंय म्हणून, नाहीतर एकमेकांचं तोंड बघत बसले असते.

पुढच्या चारही तशाच निघाल्या. शातोची पंचाऐंशी तेवढी टिकली होती, दणकट बाई, तीन तासांच्या हवेनं तिला काही झालं नव्हतं. शातोच्या पंचाहत्तरला मेनारनी वहीचं अख्खं पान दिलं, योलांदला ती शाईसारखी कडू आणि मुकी लागली. बापाची ब्याऐंशी आणि बापाची पंचाहत्तर बादलीत गेल्या, दोन-दोन शब्दांत.

"झालं मग," रेमों म्हणाला. जाकिटाच्या आतल्या खिशात त्याचा हात गेला. अर्ज तिथंच असणार. "योलांद, मला काही फार आनंद होत नाहीये यात."

"थांब," योलांद म्हणाली. "पापांच्या पंचाहत्तरची अजून एक आहे."

ती मागच्या खोलीत गेली. खोली जमिनीखाली नव्हती; इथं दोन हात खणलं की नदी लागते. उत्तरेची भिंत, जाड दार, ओली वाळू. पंचाहत्तरच्या रांगेत एकच बाटली उरली होती. तिनं ती आडवीच, जशी निजली होती तशीच, दोन्ही हातांनी उचलली आणि वेताच्या परडीत ठेवली, जराही न हलवता, जराही न फिरवता. झोपलेलं मूल पाळण्यातून खाटेवर न्यावं तशी ती चालत होती. पंचाहत्तर साली ती पंचवीसची होती. त्या सप्टेंबरात खालच्या शेतात धुकं दुपारपर्यंत उठत नसे. बाप एका ओळीत, ती दुसऱ्या ओळीत, नुसते कात्रीचे आवाज, आणि मधेच बाप धुक्यातून विचारायचा, आहेस ना गं. ती म्हणायची, आहे. एवढंच बोलणं आठ दिवस.

तिनं परडी टेबलावर ठेवली आणि बाटली परडीत आडवी असतानाच बूच काढलं, हळूहळू, कारण बूच काळं पडून मऊ झालं होतं. सुरईला हात लावला नाही. तिघांचे पेले तिनं आपल्या एप्रननं पुसले आणि गाळ न हलवता प्रत्येकात तीन-तीन बोटं ओतली. मग आपल्या जाड ग्लासात.

पहिल्यांदा काही नाही. बंद खोलीचा वास. मेनारनी तोंड उघडलं. योलांदनं फक्त बोट वर केलं आणि त्यांनी, पेशंटसारखं, मिटलं. मग मिनिटभरानं ती आली. आधी वाळल्या गुलाबाच्या पाकळ्या, मग तासलेल्या पेन्सिलीचं लाकूड, अळंबी, ओहोटी लागल्यावर काठाला उघडा पडणारा चिखल, आणि त्या सगळ्याखाली, कुठून तरी खोलातून, करवंदासारखं काळं, गोड, जिवंत काही. एवढी बारीक होती की जोरानं श्वास घेतला तर निघून जाईल. पण होती. एकोणपन्नास वर्षं वाळूत निजून ती उठून बसली होती आणि विचारत होती, आहेस ना गं.

छताकडे कुणी बघेना. मस्यू लाब्रूसचं लांब नाक पेल्यात गेलं ते बाहेरच आलं नाही. मेनार वही विसरले. योलांद भावाकडे बघत होती, फक्त भावाकडे. त्यानं हुंगलं, थांबला, पुन्हा हुंगलं. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या सैल झाल्या आणि क्षणभर तिथं एक चेहरा आला जो तिनं आईच्या मरणातही पाहिला नव्हता. त्यानं घोट घेतला. तोंडात धरला. सकाळपासून प्रत्येक घोट बादलीत टाकणाऱ्या त्या माणसाचा कंठ वर गेला आणि खाली आला. त्यानं गिळली होती. पेल्यात उरलेलीही त्यानं घेतली आणि तीही गिळली.

मग त्यानं डोळे उघडले. समोर मस्यू लाब्रूस होते, मेनार होते. चाळीस वर्षांच्या मेजवान्या होत्या, ते एक वाक्य होतं, त्यावर हसलेली सगळी तोंडं होती. रेमोंनं पेला खाली ठेवला.

"गेलेली आहे," तो म्हणाला. "रंग आहे अजून, पण आत काही नाही."

मेनारनी घाईनं मान हलवली. हो, आत काही नाही. मस्यू लाब्रूस थोडे उशिरा म्हणाले की दुर्दैवानं, हो.

योलांदला वाटलं होतं आपण ओरडू. पण काहीतरी अगदी शांतपणे तिच्या आत बंद झालं, दिवसाचं शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर दुकानाची फळी लावावी तसं. चुकला असता तर ती सही करून मोकळी झाली असती. ऐकू न येणाऱ्याला बहिरा म्हणून सोडून देता येतं. यानं तर ऐकलं होतं. बापाचं ऐकलं, धुकं ऐकलं, सगळं गिळलं आणि वर म्हणाला, काही नाही. ती उठली. म्हणाली, जेवायला बसा, सूप आणते.

रेमों तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात बोलू लागला. तिच्याकडे बघत नव्हता. भांड्याच्या झाकणाकडे बघत होता. म्हणाला, समजून घे. लाब्रूस गुरुवारी क्लबात सगळ्यांना सांगणार. मी काय सांगायचं, चाळीस वर्षं मी जे म्हणालो ते चूक? ज्या ज्या खालच्या शेतवाल्याला मी परत पाठवलं त्याला काय सांगायचं? एका बाटलीनं काय होतं, नशिबानं एखादी राहते. तसंही, तो म्हणाला, तू चौऱ्याहत्तरची आहेस. वेली किती दिवस बांधणार.

योलांद सूप ढवळत होती. कोबी, पांढरा घेवडा, बदकाचा पाय, पापा करत तसं. तिनं भावाकडे वळून पाहिलं. केस नीट कापलेले, रेशमी रुमाल, अंगाला महागड्या साबणाचा वास. या माणसाला तिनं लहानपणी खांद्यावर घेऊन भरतीच्या पाण्यातून शाळेत नेलं होतं. तेव्हा तो जड होता. आता फुंकर मारली तर उडेल असा दिसत होता.

"तुझी जीभ खरी आहे असं मी गावभर सांगत फिरले," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं. मलाच लाज वाटते आता बेकरीत जायची."

तिनं सूपाचं भांडं त्याच्या हातात दिलं, ने म्हणाली.

सूप सगळ्यांनी घेतलं. मेनारनी स्तुती केली. सूपाला नाव लागत नाही म्हणून ती खरी होती. योलांदनं आपली खोलगट ताटली जवळजवळ संपवली. तळाशी दोन पळ्या कढत रस्सा ठेवला. मग तिनं हात लांब करून परडीतली पंचाहत्तर उचलली आणि रश्शावर तिरकी केली.

या भागात ही जुनी रीत आहे. सूपाच्या शेवटच्या रश्शात लाल वाइन ओतायची, ताटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायची आणि एका दमात पिऊन टाकायची. शाब्रो म्हणतात. शेतकरी करतात, पिंपघरातले करतात. त्यासाठी घरातली सगळ्यात साधी वाइन घ्यायची, जी वाया गेली तरी चालेल ती. पन्नास वर्षांच्या बाटलीनं शाब्रो केल्याचं मेदोकमधे कुणी पाहिलं नसेल.

बाटलीच्या तोंडाशी वाइन आली तेव्हा एक लांब, डागाळलेला हात टेबलावरून आला आणि तिच्या ताटलीवर आडवा पसरला.

"मादाम, नको," मस्यू लाब्रूस म्हणाले. "कृपा करा."

"का?"

हात तिथंच होता. रश्शाची वाफ तळव्याला लागत असणार, तरी होता.

"मेलेली आहे ना?" योलांद म्हणाली. "तुम्ही तिघं म्हणालात. मग मेलेलीला रश्शात भाजतं का?"

मेनार रुमालानं चष्मा पुसू लागले. रेमों टेबलाच्या कापडावरचा एक पावाचा तुकडा बोटानं दाबत होता. मस्यू लाब्रूसनी शेवटी हात काढून घेतला आणि अगदी हळू म्हणाले की अशी वाइन त्यांनी फार वर्षांत चाखली नाही. त्यांनी आपला रिकामा पेला किंचित पुढं सरकवला, एखादा इंच.

"अशी म्हणजे कशी?" योलांदनं विचारलं. "राजवाड्यातली संध्याकाळ की गाढव?"

मस्यू लाब्रूसनी पेला मागं घेतला.

तिनं ओतली. काळसर लाल रंग रश्शाच्या सोनेरी थेंबांत फिरला, गुलाब आणि कोबी एकत्र आले, आणि कुणाला पटो न पटो, तो वास वाईट नव्हता. शेतावरून घरी आलेल्या माणसाच्या अंगाचा वास होता. तिनं ताटली दोन्ही हातांनी उचलली, कोपरं टेबलावर टेकवली आणि पिऊन टाकली, आवाज करत, शेवटच्या थेंबापर्यंत. ओठ पुसले. मग भावाला म्हणाली, जशी दुधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं तशी,

"सही नाही मिळणार."

"तू शब्द दिला होतास."

"तुझ्या जिभेला दिला होता. ती तूच गिळलीस. आता शब्द कुणाला पाळू?"

रेमों म्हणाला, मी कोर्टात जाऊ शकतो. दोघांची जमीन आहे. योलांद म्हणाली, जा. कोर्टात विचारतील शेत का उपटायचं, तेव्हा सांग, तिथली वाइन चांगली नाही. आणि मस्यू लाब्रूसना साक्षीला ने. ते आता काय सांगतील ते तुलाही ऐकायला मिळेल.

मस्यू लाब्रूस ताटलीत बघत होते. नाही म्हणाले नाहीत.

मग रेमोंनं एक गोष्ट केली. त्याच्या ताटलीत तळाशी रस्सा उरला होता. त्यानं ताटली दोन बोटांनी धरली आणि योलांदच्या बाजूला ढकलली, बाटलीच्या दिशेनं. मान खाली. लहानपणी बापापुढं असाच ढकलायचा.

बाटलीत अजून दोन पेले वाइन होती; तासाभरात तीही जाणार होती. योलांदनं ताटलीकडे पाहिलं, भावाच्या नीट कापलेल्या केसांकडे पाहिलं. मन हललं नाही असं नाही. पण मग तिला आठवलं की हा जे मागतोय ते मान खाली घालून मुक्यानं मागतोय, आणि जे बोलला ते चारचौघांत मोठ्यानं बोलला. गुरुवारी क्लबात हा पुन्हा तेच वाक्य वाढणार.

तिनं बाटलीला बूच लावलं आणि परडी काखोटीला मारली. खुंटीवरची टोपी घातली, दारामागच्या बादलीतून वेली बांधायला भिजत घातलेल्या वाळुंजीच्या फोकांची जुडी काढली, पाणी झटकलं. मार्च संपत आला होता आणि खालच्या शेतातल्या सहा ओळी अजून तारेला बांधायच्या राहिल्या होत्या. कळ्या फुगल्या की मग हात लावता येत नाही, मोडतात.

"लांप्री चुलीवर आहे," ती दारातून म्हणाली. "वाढून घ्या."

ती गेली. कुंपणाच्या फाटकाचा आवाज आला, मग चिखलातल्या बुटांचा, मग तोही नाही. तिघं पुरुष टेबलाशी बसून राहिले. थोड्या वेळानं मेनार उठून स्वयंपाकघरात गेले, भांड्याचं झाकण उचलून बघितलं, आणि दारात येऊन रेमोंना विचारलं की ताटं कुठं असतात. रेमों याच घरात जन्मला होता. तो उठला, एक फडताळ उघडलं. त्यात बरण्या होत्या. दुसरं उघडलं, त्यात इस्त्री होती. तिसऱ्याशी जाऊन तो नुसता उभा राहिला.